परीक्षा एकीची, अभ्यास घराचा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या कार्यवाहबाईंनी मला सांगितले की, यंदाच्या वर्धापनदिनी तुमच्या मुलीने कायद्याच्या प्रवेशपरीक्षेची तयारी कशी केली ते सांगा. मी म्हटले, "अहो, मी सातवी शिकलेली बाई. मी परीक्षेवर काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "परीक्षेवर बोलणारे पुष्कळ आहेत. घरात ती परीक्षा कशी निभावली ते तुम्हीच सांगू शकाल." आपल्या गल्लीत यंदा अकरावी-बारावीतल्या तीन मुली वकील व्हायचे म्हणताहेत, आणि त्यांच्या आया मला दळणाच्या गिरणीत, भाजीच्या गाड्यावर एकेक प्रश्न विचारीत असतात. त्या सगळ्यांना एकदमच उत्तर द्यावे म्हणून उभी राहिले आहे.

प्रथम ही परीक्षा आहे तरी काय, ते सांगते. पूर्वी पदवी झाली की मुले लॉ कॉलेजात नाव घालीत. आता तसे नाही. महाराष्ट्रात २०१६ सालापासून कायद्याच्या प्रवेशासाठी राज्याची सामाईक परीक्षा द्यावी लागते. तिला सीईटी म्हणतात. तिची दारे दोन. बारावीनंतर पाच वर्षांचा अभ्यासक्रम, आणि पदवीनंतर तीन वर्षांचा. दुसरी परीक्षा सगळ्या देशाची, तिचे नाव क्लॅट. ती २००८ साली सुरू झाली. बहुतेक राष्ट्रीय विधी विद्यापीठांत जावयाचे तर ती द्यावी लागते. आपल्या राज्यात अशी विद्यापीठे मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे आहेत.

दोन्ही परीक्षांत आता दोन तासांत १२० प्रश्न असतात. म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. आपली दुधाची पातेली उतू जायलासुद्धा याहून जास्त वेळ लागतो! इंग्रजी, चालू घडामोडी, तर्क, थोडेसे गणित आणि कायद्याची समज असे विषय. क्लॅट फक्त इंग्रजीतून असते आणि कागदावर द्यावयाची असते. तिच्यात सुमारे ४५० शब्दांचे उतारे देऊन त्यांवर प्रश्न विचारतात. उत्तर चुकले तर पाव गुण कापतात, म्हणजे चार चुका झाल्या की एक बरोबर उत्तर खाऊन टाकतात. सीईटी संगणकावर असते, आणि तिच्यात चुकीबद्दल गुण कापत नाहीत. हा फरक लहान दिसतो, पण मोठा आहे. सीईटीत एकही प्रश्न कोरा सोडू नये, आणि क्लॅटमध्ये अगदीच अंधारात असलेला प्रश्न सोडून द्यावा.

आता एक गैरसमज. पुष्कळ आयांना वाटते की या परीक्षेला कायद्याची जाड जाड पुस्तके पाठ करावी लागतात. तसे मुळीच नाही. कायदा पुढे कॉलेजात शिकवतात. येथे पाहतात ते एवढेच, की दिलेला नियम नीट वाचून तो दिलेल्या प्रसंगाला लावता येतो का.

याचे एक उदाहरण सांगते. एकदा रात्रीच्या जेवणाला मुलीने आम्हां सगळ्यांना एक प्रश्न घातला. नियम असा: जो कोणी आपल्या जागेत बाहेर निसटल्यास नुकसान करील अशी धोक्याची वस्तू आणून साठवतो, त्याने ती निसटून झालेल्या नुकसानीची भरपाई द्यावी, मग त्याचा निष्काळजीपणा असो वा नसो. प्रसंग असा: एका गृहस्थाने आपल्या जमिनीत पाण्याचा मोठा तलाव बांधवला. काम जाणत्या माणसांकडून करून घेतले. तरी पाणी फुटले आणि शेजाऱ्याच्या खाणीत शिरले. भरपाई द्यावी की नाही?

सासूबाई लगेच म्हणाल्या, "काही नको. बिचाऱ्याने काय मुद्दाम फोडला का?" हे म्हणाले, "शेजाऱ्याशी समजुतीने घ्यावे, निम्मे निम्मे करावे." मुलगी हसून म्हणाली, "आजी, बाबा, तुम्ही दोघेही चांगली माणसे आहात, पण दोघांचाही एकेक गुण गेला. नियमात 'मुद्दाम' हा शब्दच नाही. निम्म्याचीही गोष्ट नाही. भरपाई पुरी द्यावी लागेल." हा खटला खरोखरच इंग्लंडात झाला होता, आणि त्याचा शेवटचा निकाल १८६८ साली लागला, असे तिने सांगितले. त्या दिवसापासून आमच्या घरी जेवणाच्या वेळी रोज एक प्रश्न सुरू झाला. सासूबाई पुढे पुढे इतक्या तयार झाल्या की, "थांब, नियम पुन्हा वाच," असे त्याच म्हणू लागल्या.

आता मुलीला वकील व्हावेसे का वाटले, तेही सांगते, कारण वर्षभर टिकून राहायला आत काहीतरी धरून ठेवणारे लागते. ती दहावीत असताना आमच्या नात्यातल्या एक आत्याबाई एक कागद घेऊन आल्या. भावाने सही करायला पाठवला होता. त्यांना चष्म्याशिवाय दिसेना, म्हणून मुलीने वाचून दाखवला. ते हक्कसोडपत्र होते. वडिलांच्या जमिनीतला आपला हिस्सा आपण राजीखुषीने सोडत आहोत, असे त्यात लिहिलेले. आत्याबाईंना वाटत होते की सातबाऱ्यावर नाव लावायचा कागद आहे. त्यांनी पुढे काय करायचे ते त्यांचे त्यांनी ठरवले, पण समजून ठरवले. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच जन्मतः हक्क महाराष्ट्रात १९९४ साली आणि सगळ्या देशात २००५ सालच्या दुरुस्तीने मिळाला. पण कायदा कागदावर असणे वेगळे आणि तो वाचून सांगणारे कोणी आपल्या घरात असणे वेगळे. त्या दिवशी मुलगी म्हणाली, "आई, मी हेच शिकणार."

पहिल्या वेळी बारावीबरोबरच तिने सीईटी दिली. बारावीला गुण छान मिळाले, पण सीईटीत मागे पडली. तिच्या आवडीच्या कॉलेजात नाव लागेल इतके गुण आले नाहीत. मराठी शाळेतून शिकलेली मुलगी, इंग्रजीच्या प्रश्नांना वेळ फार गेला, आणि शेवटचे पुष्कळ प्रश्न पाहायचेच राहिले.

मग नातेवाइकांच्या तोंडाला काय, धरबंध नसतो. कोणी म्हणाले, "कॉमर्स करू द्या, बँकेत लागेल." कोणी म्हणाले, "मुलीच्या जातीला वकिली कशाला?" एका घरून तर स्थळच आले. मुलगा चांगला, घर चांगले, आणि हुंडा नको. भगिनींनो, अशा वेळी खरी परीक्षा असते ती आईबापांची. मुलीचे एक वर्ष म्हणजे काय, हे आपल्या समाजात मुलाच्या एका वर्षासारखे मोजत नाहीत. मुलाचे वर्ष गेले तर "अभ्यास करतोय" म्हणतात, मुलीचे गेले तर "घरी बसली आहे" म्हणतात.

आम्ही रात्री बसून ठरवले. ह्यांची नोकरी एसटीतली, कंडक्टरची. पुण्याच्या एका शिकवणीवर्गाची चौकशी केली तर वर्षाचे शुल्क ह्यांच्या चार पगारांइतके निघाले, आणि राहण्या-जेवण्याचे वेगळे. ते आमच्या आवाक्यातले नव्हते. तेव्हा असे ठरले की, गावातल्या कॉलेजात बी.कॉम.ला नाव घालावयाचे, म्हणजे वर्ष फुकट गेले असे कोणी म्हणणार नाही, आणि घरी राहून पुन्हा एकदा परीक्षा द्यावयाची. या खेपेस क्लॅट आणि सीईटी, दोन्ही. स्थळ आलेल्या मंडळींना ह्यांनीच नम्रपणे कळवले की, मुलीचे शिक्षण चालू आहे.

आता वर्षभर केले काय, ते सांगते. यातले पुष्कळसे कोणत्याही घरात होण्याजोगे आहे.

पहिली गोष्ट वेळेची. पहाटे पाच ते सात हे दोन तास तिचे. त्या वेळात तिला पाणी भर, चहा ठेव, दाराशी कोण आले ते बघ, असे एकही काम सांगावयाचे नाही. बायांनो, हे ऐकायला सोपे वाटते. मुलगी घरात असली की आपल्या तोंडातून "अगं, जरा..." हे शब्द आपोआप निघतात. त्या "जरा"ने अभ्यासाचे तुकडे तुकडे होतात. मी हाक मारायची झाली तर धाकट्या मुलाला मारू लागले. पहिले आठ दिवस त्याने तोंड वाकडे केले, मग त्याला चहा करता येऊ लागला. तोही एक फायदाच!

दुसरी गोष्ट वर्तमानपत्राची. चालू घडामोडींसाठी रोज वाचन लागते. नगर वाचनालयात इंग्रजी वर्तमानपत्र येते, तेथे जाऊन ती टिपणे काढी. घरी मराठी वर्तमानपत्र मी वाची. दुपारी चार वाजता चहाच्या वेळी मी तिला विचारी: अमुक न्यायालयाने काय म्हटले, तमुक विधेयक कशाबद्दल, अमक्या पदावर कोण आले. तिला इंग्रजीतून ठाऊक, मला मराठीतून. दोघींचे जुळले की गोष्ट पक्की बसे. यासाठी आईला इंग्रजी यायला लागत नाही. रोज विचारायला मात्र लागते. आज विचारले, चार दिवस विसरले, असे चालत नाही.

तिसरी गोष्ट इंग्रजीची. मराठी शाळेतल्या मुलींची खरी अडचण येथे आहे. ती रोज वीस मिनिटे इंग्रजी अग्रलेख मोठ्याने वाचून दाखवी. मला अर्थ कळत नसे, पण ती कोठे अडखळते ते कानाला कळे. ती अडखळली की मी पोळपाटावर लाटण्याने एकदा टक् करी. तो शब्द ती वहीत लिही. आरंभी एका लेखात पंधरा-वीस वेळा टक् होई. श्रावणात सुरू केले, आणि पौषापर्यंत कधी दोनदा, कधी तीनदा यावर आले.

चौथी गोष्ट रविवारची. दर रविवारी सकाळी दोन तासांची पुरी प्रश्नपत्रिका, घड्याळ लावून. जुन्या प्रश्नपत्रिका फुकट मिळतात, वाचनालयातही सरावाची पुस्तके होती. त्या दोन तासांत दार बंद. एका रविवारी माझ्या माहेरची माणसे आली. भाऊ म्हणाला, "भाची दिसत नाही?" मी म्हटले, "आहे, पण तिची परीक्षा चालू आहे, साडेअकराला भेटेल." त्याला आधी चमत्कारिक वाटले, पण जाताना तिला पेनांचा संच देऊन गेला.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती म्हणजे चुकांची वही. प्रश्नपत्रिका सोडवून गुण मोजले आणि झाले, असे नाही. चुकलेला प्रत्येक प्रश्न वहीत घ्यावयाचा आणि पुढे कारण लिहावयाचे. कारणे तीनच: ठाऊक नव्हते, नीट वाचले नाही, वेळ पुरला नाही. महिनाभराने आम्ही वही मांडून पाहिली. "ठाऊक नव्हते" हा रकाना सर्वांत लहान निघाला! निम्म्याहून अधिक चुका "नीट वाचले नाही" याच्या. "खालीलपैकी कोणते बरोबर नाही" असे विचारलेले असताना बरोबर असलेले शोधले, असा प्रकार. हे कळल्यावर आणखी नवी पुस्तके आणण्याचे खूळ गेले. प्रश्नातला "नाही", "फक्त", "नेहमी" असल्या शब्दांखाली पेन्सिलीने रेघ ओढण्याची सवय लावली. खर्च काही नाही, पण गुण वाढले.

हे सगळे सांगताना सुरळीत वाटते, पण वर्ष तसे गेले नाही. दिवाळीच्या सुमारास पाच-सहा रविवार गुण जागचे हलेनात. एक दिवस तिने वही मिटली आणि म्हणाली, "आई, माझ्याने नाही होत." तिच्या मैत्रिणी कोठे कोठे पुढे गेल्या होत्या, त्यांचे फोटो फोनवर दिसत. मी त्या दिवशी उपदेश केला नाही. तिला घेऊन संध्याकाळी डेअरीपर्यंत चालत गेले, येताना भाजलेली कणसे घेतली. दुसऱ्या दिवसापासून तीन गोष्टी केल्या. रात्री साडेनऊला फोन माझ्या कपाटात. रात्री दहाला झोप, मग धडा पुरा होवो वा न होवो. आणि आठवड्यातला एक दिवस पुस्तक उघडावयाचेच नाही. तीन आठवड्यांनी आकडा पुन्हा हलू लागला. जमीनसुद्धा काही दिवस पडीक ठेवतात, हे शेतकऱ्याच्या मुलीला कोणी सांगावे लागत नाही.

त्याच दिवसांत तिने वाचनालयातून एक चरित्र आणले आणि आम्हांला त्यातली हकीकत सांगितली. कॉर्नेलिया सोराबजी या बाईंचा जन्म १८६६ सालचा, आपल्या नाशिकचा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकल्या. पुढे ऑक्सफर्डला जाऊन १८९२ साली त्यांनी कायद्याची परीक्षा दिली. तेथे कायदा शिकलेली ती पहिली स्त्री. पण त्या काळी ते विद्यापीठ बायकांना पदवीच देत नसे. परीक्षा दिली १८९२ साली आणि पदवी हाती पडली १९२२ साली! मधली तीस वर्षे बाई स्वस्थ बसल्या नाहीत, पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांच्या मालमत्तेची कामे पाहत राहिल्या. आपल्या देशात बायकांना वकिलीची मोकळीक देणारा कायदा १९२३ साली झाला. त्याआधी कलकत्त्याला १९१६ साली रेजिना गुहा यांनी आणि पाटण्याला १९२१ साली सुधांशुबाला हाजरा यांनी सनद मागितली होती. केवळ स्त्री म्हणून दोघींनाही नकार मिळाला. आणि १९७८ साली सुजाता मनोहर या मुंबई उच्च न्यायालयाच्या पहिल्या स्त्री न्यायमूर्ती झाल्या.

हे ऐकून सासूबाई म्हणाल्या, "त्या बाईने तीस वर्षे वाट पाहिली, तुला एकच वर्ष जड झाले होय गं?" मुलगी हसली. मला वाटते, माझ्या दहा उपदेशांपेक्षा आजीचे ते एक वाक्य कामी आले.

डिसेंबरात क्लॅट झाली. राष्ट्रीय विद्यापीठात जागा मिळण्याइतका क्रमांक आला नाही. चार दिवस घर गप्प होते. पण क्लॅटसाठी केलेला अभ्यास वाया गेला नव्हता, इंग्रजी उताऱ्यांची सवय झाली होती. सीईटीला अजून काही महिने होते. पाचव्या दिवशी पहाटे पाच वाजता तिच्या खोलीत दिवा लागला, तेव्हा मी अंथरुणात पडल्या पडल्या देवाला हात जोडले. त्या दिवशी तिला उठवायला मी गेले नव्हते. ती आपली आपण उठली होती.

सीईटीला ओळखपत्र, प्रवेशपत्र आदल्या रात्रीच पिशवीत घातले. केंद्र दुसऱ्या गावी होते. पहिल्या गाडीने निघालो आणि दीड तास आधी पोचलो. बाहेर आल्यावर ती एवढेच म्हणाली, "आई, या वेळी सगळे प्रश्न पाहून झाले." मला ते पुरे होते.

गुण चांगले आले. तरी पहिल्या फेरीत नाव लागले नाही. येथे पुष्कळ मुली धीर सोडतात. प्रवेशाच्या फेऱ्या एकाहून अधिक असतात, आणि कॉलेजांच्या पसंतीची यादी विचार करून भरावी लागते. तारखा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवाव्यात, कारण एक तारीख चुकली तर वर्षभराच्या कष्टांवर पाणी पडते. दुसऱ्या फेरीत तिला प्रवेश मिळाला. फार नावाजलेले कॉलेज नाही, पण चांगले आहे, आणि शुल्क आम्हांला झेपणारे आहे. आता ती दुसऱ्या वर्षाला आहे.

उद्या तिला एकही खटला मिळाला नाही आणि तिचे नाव झाले नाही, तरी ते वर्ष व्यर्थ गेले असे मी म्हणणार नाही. घरातल्या मुलीच्या दोन तासांना किंमत असते, हे आमच्या घराला त्या वर्षाने शिकवले.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी पदवी झालेल्या लेकी-सुना आहेत, त्यांनाही एक सांगते. या परीक्षांना वयाची वरची मर्यादा नाही. पदवीला खुल्या वर्गासाठी ४५ टक्के असले की तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाची सीईटी देता येते. मुले शाळेत जाऊ लागली की सुनेला दुपारचे दोन तास देऊन पाहा. आणि ज्यांना शिकायचे नाही त्यांनीही ठाऊक असू द्यावे की, १९८७ च्या कायद्याप्रमाणे स्त्रियांना मिळकतीची अट न घालता विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. जिल्हा न्यायालयात त्याचे कार्यालय असते.

शेवटी मंडळाकडे एक मागणे आहे. आपली ही खोली सकाळी रिकामी असते. सर्वच घरांत मुलीला स्वतंत्र खोली नसते, काही घरांत तर एका खोलीत सहा माणसे राहतात. परीक्षेला बसणाऱ्या मुलींसाठी ही खोली सकाळी सहा ते आठ उघडी ठेवावी, एक इंग्रजी वर्तमानपत्र लावावे, आणि भिंतीवर एक घड्याळ टांगावे. घड्याळ मी देते. किल्ली सांभाळून पहाटे दार उघडायचे कामही मी घेते, कारण त्या वेळी उठायची मला आता सवय झाली आहे.

कार्यकारी मंडळाने या मागण्याचा विचार करावा, अशी विनंती आहे.